धनेशिणीच्या लेकीची भिंत

सह्याद्रीच्या उतारावरच्या एका जंगलात एक फार जुना बेहडा होता आणि त्या बेहड्याच्या ढोलीत एक धनेशीण राहत असे. राहत असे म्हणजे अगदी स्वतःला कोंडून घेऊन राहत असे. मुलांनो, तुम्ही कधी धनेश पक्षी पाहिला असेल तर त्याची ती भली मोठी पिवळी चोच आणि चोचीवरचा टोप विसरला नसाल. या पक्ष्यांची घर मांडण्याची तऱ्हाच निराळी. अंडे घालायची वेळ आली की आई ढोलीत शिरते आणि आतल्या बाजूने दारावर भिंत लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एक उभी फट तेवढी ठेवते. मग बाबा बाहेर आणि आई आत. बाबा रानभर हिंडून फळे आणतो आणि फटीतून आत देतो. आई आत बसून पिल्लू वाढवते. साप येवो की घोरपड येवो, भिंत उभी आहे तोवर पिल्लाच्या पिसालाही धक्का लागत नाही.

ही भिंत कशाची म्हणाल, तर बाबाने ओढ्यावरून आणलेला चिखल, ढोलीतला लाकडाचा भुसा, खाल्लेल्या फळांचा चोथा आणि घरातलीच शी. नाक मुरडू नका. आपणही अंगण शेणानेच सारवत आलो आणि त्याच अंगणात पंगती मांडून जेवत आलो. हा सगळा लगदा चोचीच्या कडेने थापटून थापटून बसवायचा आणि तोही आतूनच. ढोलीचे तोंड बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असते. आतून दाबलेला लगदा खाचेत घट्ट बसतो, बाहेरून लावलेला नुसता चिकटून राहतो. हे धनेशिणीला तिच्या आईने सांगितले होते आणि तिच्या आईला तिच्या आईने.

आमची ही धनेशीण लिंपणात मोठी कसबी होती. तिची भिंत घासलेल्या परातीसारखी गुळगुळीत असे. फट अशी सरळ, की जणू कोणी दोरी धरून आखली आहे. समोरच्या आंब्यावर एक शेकरू राहत होते. दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय त्याला फळ गोड लागत नसे. ते येता जाता थांबून म्हणायचे, की अशी भिंत या जंगलात दुसऱ्या कोणाची नाही. धनेशीण आतून हे सगळे ऐकत असे आणि ऐकले नाही असे दाखवत असे. पण शेकरू गेले की चोचीने भिंतीवर एक हात, म्हणजे एक चोच, आणखी फिरवून घेत असे.

यंदा तिच्या ढोलीत एक लेक जन्मली. आधी नुसता मांसाचा गोळा, मग त्यावर काटेरी कोंब, मग कोंबांतून पिसे. पिसे नीट फुटली नव्हती तोच ही पोर आईच्या मागे मागे कामाला लागली. फळ खाऊन झाले की बी फटीतून बाहेर टाकायची, हे धनेशांच्या घरातले पहिले काम. लेक मान मागे नेऊन नेम धरायची आणि बी फटीऐवजी आईच्या डोक्यावर बसायची. आई हसायची, ती बी उचलून पुन्हा लेकीपुढे ठेवायची आणि लेक पुन्हा नेम धरायची. चार दिवसांत तिला ते बऱ्यापैकी जमले. बाहेर पडलेल्या बिया मोजायला कोणी नव्हते, पण बेहड्याखालच्या जमिनीवर त्यांचा चांगला सडा पडला होता.

लिंपणाचे मात्र तसे झाले नाही. आई भिंत दुरुस्त करायला बसली की लेकही चोथ्याचा गोळा उचलून यायची आणि मनाला येईल तिथे थपकन चिकटवायची. गोळा कधी उंचवट्यासारखा राहायचा, कधी फटीवर यायचा आणि उजेडच बंद व्हायचा. आईचा जीव खालीवर व्हायचा.

"बाजूला हो बाई, मी करते. तुझे होईतो माझी दहा कामे होतील," ती म्हणायची.

ती रागावून म्हणत नसे. तुमच्या आईने तुमच्या हातातला झाडू घेताना जसे म्हटले असेल, तसेच. लेक बाजूला व्हायची. मग दुपारी तिचा डोळा लागला की धनेशीण तिने लावलेला प्रत्येक गोळा खरवडून काढायची आणि ती जागा पुन्हा गुळगुळीत करायची. लेक उठली की पहिल्यांदा भिंतीकडे बघायची. आपला गोळा जिथे लावला होता तिथे नाही, हे तिला कळायचे. संध्याकाळी बाबाने फळे आणली, ती खाल्ली, की नवा गोळा घेऊन पुन्हा त्याच जागेवर यायची.

आईला हे दिसत नव्हते असे नाही. पण लहान आहे, खेळते आहे, मोठी झाली की शिकेल, असे ती स्वतःला सांगत असे. कधी शिकेल आणि कशी शिकेल, याचा विचार करायला तिला भिंतीतून सवड नव्हती.

त्या वर्षी वैशाख फार तापला. ओढ्याकाठच्या उंबरांना फळ धरले नाही, जे धरले ते कच्चेच गळून गेले. एरवी बाबा घटकाभरात चोच भरून यायचा. आता त्याला दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जावे लागे. पूर्वी त्याच्या पंखांचा तो मोठा सूं सूं आवाज दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचा आणि लेक फटीशी धावायची. आता ती फटीशी बसूनच राहायची आणि आवाज काही यायचा नाही. बाबा मुळात बोलायला कमी. आता तर तो फळे देऊन लगेच उडून जायचा, म्हणजे त्याच्याकडे कोणी नीट बघायला नको.

एका दुपारी तो आला तेव्हा त्याची पकड सालीवरून सुटली. पंख फडफडवून त्याने कसेबसे स्वतःला सावरले आणि फटीतून दोन फळे आत दिली.

"आज एवढीच," तो म्हणाला.

"तुम्ही खाल्लेत का?" धनेशिणीने विचारले.

"खाल्ले," असे म्हणून त्याने मान दुसरीकडे वळवली. तीन जिवांची पोटे एकटा भरणारा जेव्हा असे मान वळवून सांगतो, तेव्हा तो काय खाऊन आला आहे हे सांगायला लागत नाही. धनेशिणीने दोन्ही फळे लेकीला दिली आणि आपण कोपऱ्यात बसून राहिली.

तिला काय करायला हवे ते ठाऊक होते. धनेशांमध्ये रीतच आहे. पिल्लू जरा मोठे झाले, की आई भिंत फोडून बाहेर पडते आणि बाबाबरोबर फळे आणू लागते. मागे राहिलेले पिल्लू ती भिंत आतून पुन्हा लिंपून घेते. एवढेसे पिल्लू एकटे, पहिल्यांदाच. जंगलातल्या बाकीच्या धनेशिणी केव्हाच बाहेर पडल्या होत्या. आमचीच राहिली होती. विचारले तर म्हणायची, आमची अजून लहान आहे. खरे कारण तिने कोणाला सांगितले नव्हते. लेकीच्या लिंपणावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

आणि त्याची भीती वाटायला एक कारण खालीच पसरलेले होते. बेहड्याच्या मुळाशी एक सपाट दगड होता. त्यावर रोज सकाळी एक घोरपड उन्हाला येऊन बसे. ती काही करत नसे. गडबड नाही, धावपळ नाही, नुसती जीभ आत बाहेर करत वर ढोलीच्या तोंडाकडे बघत बसे. इतका धीर साऱ्या जंगलात कोणाजवळ नव्हता. भिंत फुटली आणि पुन्हा नीट उभी राहिली नाही, तर ती झाडावर चढायला कितीसा वेळ लावणार, हे धनेशिणीला पुरते ठाऊक होते. आत राहावे तर बाबा जाणार आणि त्याच्यामागे आपण दोघी उपाशी. बाहेर पडावे तर लेक घोरपडीच्या तोंडी. ती रात्रभर हेच मनात घोळवत राहिली. सकाळी तिने लेकीला जवळ घेतले.

"मी बाहेर गेले तर दार कोण बंद करील?"

"मी," लेक म्हणाली.

"येईल तुला?"

"तू बाजूला झालीस तर येईल."

धनेशिणीने आपली परातीसारखी गुळगुळीत भिंत चोचीचे घाव घालून फोडली आणि ती बाहेर पडली. तीन महिन्यांनी पंख पसरले तेव्हा ते तिलाच परके वाटले. उडता उडता ती दोनदा आपटली, तिसऱ्यांदा नीट उडाली आणि परत येऊन दारासमोरच्या फांदीवर बसली. भिंत होईतो तिथून हलायचे नाही असे तिने ठरवले होते. खाली घोरपड दगडावरून उतरून झाडाच्या बुंध्याशी येऊन बसली.

लेक कामाला लागली. ती थापटायची, लगदा घसरायचा. पुन्हा थापटायची, पुन्हा घसरायचा. आईची चोच शिवशिवत होती. पण आत जायला आता जागा नव्हती, तेव्हा तिला नुसते बघणे भाग होते. बाबाने चिखलाच्या पाच खेपा केल्या. थोड्या वेळाने लेकीने काय केले, तर नेम चुकून आतच कोपऱ्यात साठलेल्या बिया एकेक करून लगद्यात खोचायला सुरुवात केली. आईने आयुष्यात भिंतीत बी राहू दिली नव्हती. भिंतीत बी म्हणजे फोड, आणि फोड म्हणजे गबाळेपणा. ती बोलणार तोच लेक आतून म्हणाली, की बी घातली की लगदा घसरत नाही. दुपार झाली. लेकीची मान दुखू लागली असावी, कारण ती मधूनच भिंतीला टेकून उभी राहायची. पण ती थांबली नाही. ऊन कलले तेव्हा दारातून आतले काही दिसेनासे झाले आणि एका तिरक्या फटीतून एक लहानशी चोच बाहेर आली.

"झाली," लेक म्हणाली.

धनेशिणीचा ऊर भरून आला. एवढीशी पोर, दिवसभर लिंपणात कोणाची मदत न घेता, तिने घर बंद केले. ती बाबाला काही सांगणार होती. तेवढ्यात समोरच्या आंब्यावरून शेकरू सरसर खाली आले आणि मान वाकडी करून म्हणाले, "ही भिंत तुमच्याकडचीच ना? मला वाटले, दुसरे कोणीतरी राहायला आले."

झाले. धनेशिणीचा भरून आलेला ऊर जागच्या जागी आवळला. आता तिला भिंत दिसू लागली ती शेकराच्या डोळ्यांनी. फट तिरकी. डावीकडे फुगलेली, उजवीकडे दबलेली. जागोजागी बिया डोके वर काढून बसलेल्या. या रस्त्याने रोज कितीतरी जण जातात, ते काय म्हणतील, हे तिच्या डोक्यात बसले ते निघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा आत डोळा लागला. बाबा दरीपलीकडे गेला होता. धनेशीण हळूच भिंतीशी लटकली आणि तिने चोचीने एक बी उपटली. मग दुसरी. दोन्ही सहज निघाल्या आणि त्या जागा तिने भिंतीच्याच ओल्या चिखलाने सारख्या केल्या. तिसरी बी उपटली तेव्हा तिच्याबरोबर भिंतीचा चांगला मोठा ढलपा निघून आला. धनेशिणीने इकडे तिकडे पाहिले, ओढ्यावर जाऊन चोच भरून चिखल आणला, तो बाहेरूनच त्या खळग्यात भरला आणि वरून चोच फिरवली. एकदा फिरवल्यावर तिला राहवेना, तिने पुन्हा पुन्हा फिरवली. ती जागा अशी देखणी झाली, की बाकीच्या भिंतीलाच तिची लाज वाटावी. बाहेरून लावलेला चिखल नुसता चिकटून राहतो, हे तिच्या आईचे बोलणे तिला या सगळ्या वेळात आठवले नाही असे नाही. आठवले होते. पण उद्या वाळेल, घट्ट होईल आणि लेकीला कळणारही नाही, असे म्हणून तिने ते बाजूला सारले.

तिसऱ्या दिवशी भिंत वाळलेली दिसली, तेव्हा ती निर्धास्तपणे बाबाबरोबर उडाली. पलीकडच्या डोंगरावर पायरीचे, म्हणजे उंबराच्याच जातीतले, एक झाड फळांनी लगडलेले होते. बाबाला दोन दिवस ते सापडले नव्हते, तिला सापडले. तिने आधी बाबाला पोटभर खायला लावले आणि मग स्वतः खाल्ले. मग दोघांनी लेकीसाठी गळ्यात मावतील तेवढी फळे भरून घेतली आणि ती परत निघाली. किती दिवसांनी तिला हलके वाटत होते.

दरी अर्धी ओलांडली असेल नसेल तोच समोरच्या रानातून शेकराचा कर्कश आवाज आला. शेकरू कितीही भोचक असले, तरी संकट दिसले की ओरडून रान जागे करायला ते कधी चुकत नाही. बाबाच्या पुढे जाऊन धनेशीण अशी उडाली, की तिला खालचे काही दिसतच नव्हते. दिसत होता फक्त बेहडा. आणि बेहड्याच्या ढोलीशी, चारही पाय सालीत रोवून, घोरपड बसली होती.

घोरपडीने वेळ छान निवडली होती. तिने आधी भिंतीची डावी बाजू ओरबाडली होती, मग उजवी, मग वरची. त्या सगळ्या ठिकाणी नखांचे पांढरे ओरखडे उठले होते, पण बियांवरून नखे घसरत होती आणि भिंत तसूभर हलली नव्हती. असे किती वेळ चालले होते कोण जाणे. मग तिचा पंजा त्या गुळगुळीत, देखण्या जागेवर पडला होता. ती जागा एका ओढीत खाली आली होती आणि घोरपडीचे तोंड आत शिरले होते. आत लेक होती. ती मागे सरली नव्हती. आपली कोवळी चोच पुढे करून ती घोरपडीच्या नाकाडावर घाव घालत होती, सगळ्या अंगाने दार अडवून उभी होती आणि ओरडतसुद्धा नव्हती, कारण ओरडायला तिला वेळ नव्हता.

धनेशीण घोरपडीच्या पाठीवर जाऊन आदळली. मागोमाग बाबाने तिची शेपटी धरली. दोन मोठ्या चोचींपुढे घोरपडीचे काही चालले नाही. तिने तोंड बाहेर काढले आणि ती खोडावरून सरसरत खाली उतरली. पण धीराची माणसे रागावत नाहीत, तशी तीही रागावली नव्हती. दगडावर बसून, नाकावरचे रक्त जिभेने पुसत ती म्हणाली, "बाकीची भिंत कोणी लिंपली ते माहीत नाही. तिच्यापुढे मी हात टेकले होते. पण ही एवढी एक जागा ज्याने केली, त्याचे माझ्यावर उपकार झाले."

मग ती झुडपात निघून गेली. फांदीवर धनेशीण धापा टाकत बसली. शब्दांचे एवढे मोठे घाव कोणी तिच्यावर घातले नव्हते. तिला वाटले, हे कोणी ऐकले नसेल तर बरे. शेकरू आंब्यावर होते, त्याला अर्थ कळला नसावा. बाबाने एकदा त्या भगदाडाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिले आणि तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

भगदाडातून लेक दिसत होती. तिच्या कपाळावरची दोन पिसे उपटली होती आणि चोचीच्या टोकाला ओरखडा होता. आईला वाटले, ती आता रडेल. ती रडली नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, मी नीट लिंपली होती गं. सगळीकडे सारखी दाबली होती. तीच जागा कशी कच्ची राहिली ते मला कळत नाही."

मुलांनो, त्या क्षणी धनेशिणीला गप्प बसता आले असते. कोणी पाहिले नव्हते. असू दे बाळ, लहान आहेस, पुढच्या वेळी नीट कर, असे म्हणून तिच्या डोक्यावरून चोच फिरवली असती तर लेकीने ते खरे मानले असते. जन्मभर मानले असते. पुढे मोठी होऊन तिने आपली ढोली लिंपायला घेतली असती, तेव्हाही तिला वाटले असते, की आपल्याकडून एक जागा कच्ची राहतेच. धनेशिणीने तोंड उघडले ते नेमके हेच बोलण्यासाठी. पण लेकीची ती खाली घातलेली मान तिला बघवेना.

"ती जागा तू लिंपलीच नव्हतीस," ती म्हणाली. "तू जी लिंपली होतीस, ती चांगली होती. मी काल तू झोपल्यावर बाहेरून उकरली. मला ती वाकडी दिसत होती. ही चूक माझी आहे."

लेकीने मान वर केली. आपले पूर्वीचे सगळे गोळे, एकेका दुपारी नाहीसे झालेले, तिला आठवत होते की काय, कोण जाणे. आईला तिच्याकडे बघणे जड गेले, पण तिने नजर काढली नाही.

"घोरपडीला माझी बाजू फोडता आली नाही?" लेकीने विचारले.

"नाही. बघ ना, नुसते ओरखडे आहेत. माझ्या भिंतींवर घोरपडीने कधी इतका वेळ घालवला असता तर काय झाले असते, मला सांगता येत नाही."

लेकीने भगदाडातून मान बाहेर काढून ते ओरखडे एकेक करून बघितले. मग तिने मान आत घेतली आणि आतून म्हणाली, "मग आता तू चिखल आण. लिंपते मी."

आणि साऱ्या जंगलात जिच्या लिंपणाची ख्याती, ती धनेशीण ओढ्यावर चिखल आणायला गेली. तिने चोच भरून आणला आणि भगदाडाशी धरून ठेवला. लेक त्यातला हवा तेवढाच घ्यायची. फार पातळ असला तर परत पाठवायची आणि आई तो टाकून दुसरा आणायची. मध्ये एकदा आईने नकळत चोच पुढे केली. लेकीने आतून नुसते "आई" म्हटले आणि चोच मागे गेली. बियाही कमी पडल्या, तेव्हा खाली उतरून बेहड्याखालच्या सड्यातून टणक टणक बिया वेचण्याचे कामही आईकडेच आले. असे करता करता भगदाड लहान होत गेले, लेकीचे डोळे दिसेनासे झाले, मग चोच तेवढी राहिली.

"पुरे आता," आतून आवाज आला.

धनेशीण समोरच्या फांदीवर जाऊन बसली. भिंत पहिल्यापेक्षाही वेडीवाकडी झाली होती. दुरुस्त केलेली जागा पुढे आली होती, फट आणखी तिरकी झाली होती आणि बियांना तर काही सुमारच नव्हता. धनेशिणीने ती भिंत डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली आणि तिला असे काही वाटू लागले, जे आपल्या गुळगुळीत भिंतींकडे बघताना तिला कधी वाटले नव्हते. तिने बाबाला हाक मारली.

"अहो, इकडे या. ही बघा."

बाबा आला, तिच्याशेजारी बसला आणि त्याने नीट निरखून बघितले. तो मुळात खोटे बोलणारा नव्हता.

"वाकडी आहे," तो म्हणाला.

"आहे," धनेशीण म्हणाली. "तिने केली आहे."

तात्पर्य : मुलाने मनापासून केलेले काम वेडेवाकडे असले तरी ते त्याचेच राहू द्यावे. जो ते मागून गुपचूप नीट करायला जातो, तो काम तर बिघडवतोच, पण त्या मुलाचा स्वतःवरचा विश्वासही उकरून काढतो.